चैत्रात गडाची वाट

चैत्र लागला की खानदेशातल्या माणसाला गड आठवतो. गड म्हणजे वणीचा सप्तशृंगी गड. तो नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात आहे. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत तिथे यात्रा भरते. जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ माणसे पायी जातात. आपल्या एरंडोलहून पारोळा, धुळे, मालेगाव, कळवण अशी वाट आहे. पुढे नांदुरी गाव. तिथून घाट चढायचा. मग सुमारे ५०० पायऱ्या. वर कड्यात कोरलेली अठरा हातांची देवी. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत, त्याच्यासाठी २०१८ पासून रुळांवरून चढणारी गाडी आहे.

डोंगर चढणे शरीराला चांगले. छाती मोकळी होते, पाय बळकट होतात, भूक लागते, झोप गाढ येते. वर हवाही थंड असते. १००० मीटर चढले की हवा साधारण ६ अंशांनी उतरते. जळगाव सुमारे २०० मीटर उंचीवर आहे. गडावरचे गाव सुमारे १२०० मीटरवर. म्हणून खाली ४२ अंश असले, तर वर ३६ च्या आसपास असते.

पण वरचा गारवा मिळायच्या आधी खालचे ऊन पार करायचे असते. तिथेच जिवाला धोका आहे.

घाम येतो म्हणून अंग थंड राहते. घामाबरोबर पाणी आणि मीठ बाहेर जाते. ते भरून काढले नाही, तर घाम कमी पडतो आणि अंग आतून तापते. यालाच उष्माघात म्हणतात. त्याने माणूस दगावतो.

कुणी म्हणतात, खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा, बरं का! खिशातला कांदा अंग थंड करीत नाही. पाणी आणि सावली करते.

म्हणून एवढे पाळा. पहाटे चाला. दहाच्या आत झाडाखाली बसा. ऊन कलल्यावर पुन्हा निघा. डोक्याला पांढरा रुमाल बांधा. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. ताक, कैरीचे पन्हेही चांगले. रस्त्याने समोरून गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चाला.

सोबतचा माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर थांबा. त्याला सावलीत निजवा. कपडे सैल करा. अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ नंबरला फोन करा. नवस पुरा करायचा म्हणून त्याला पुढे ओढू नका. देवी पुढच्या वर्षीही गडावरच आहे.

आणखी एक सांगतो. चालताना थोडा वेळ गप्प राहा. आपला श्वास ऐका, पावले मोजा, पाखरे ऐका. घरी पेरणीची काळजी असते, सोसायटीचे कर्ज असते. चालल्याने कर्ज फिटत नाही. पण डोके शांत होते, आणि शांत डोक्याला मार्ग लवकर सुचतो.

प्रश्न
१. गडावर हवा थंड का असते?
२. उष्माघात कसा ओळखाल?
३. तुमच्या गावाहून निघणाऱ्या मंडळींना हा धडा वाचून दाखवाल का?