घरी केअरटेकर ठेवताना

पेशंटला डिस्चार्ज मिळतो आणि त्याच संध्याकाळी घरातले केअरटेकर पुरवणाऱ्या ब्यूरोंना फोन लावायला लागतात. घाईत भाव तेवढा ठरतो, बाकी सगळं राहून जातं.

आधी भावाचंच पाहू. अंघोळ, शी-शू, जेवण, औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या मावशींच्या किंवा मामांच्या 12 तासांच्या ड्युटीला पुण्या-मुंबईत रोजचे साधारण 700 ते 900 रुपये पडतात. घरीच राहणाऱ्यांना 900 ते 1,200. म्हणजे महिन्याला 21 ते 36 हजार. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर आणखी वर. राहणाऱ्या मावशींचं जेवणखाण तुमच्याकडे. एक डायपर 40 रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याचे 3,600 झाले. एअर मॅट्रेस भाड्याने मिळते, ती विकत घ्यायची घाई नको. आरोग्य विम्यातून केअरटेकरचा पगार सहसा मिळत नाही.

इंजेक्शन, सलाइन, लघवीची नळी बदलणं ही कामं नर्सची. त्यासाठी नर्सिंग शिकावं लागतं: एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन. पैसे वाचवायला ही कामं मावशींना सांगू नका. त्यात पेशंटचा जीव धोक्यात येतो आणि त्यांचा दोष नसताना त्याही अडकतात.

कामाची पारख पहिल्याच दिवशी होते. कूस बदलताना मावशी पेशंटचा दंड धरून ओढतात, की खाली घातलेल्या आडव्या चादरीने अलगद वळवतात, ते बघा. वळवल्यावर माकडहाड आणि टाचा लाल झाल्यात का, हे न सांगता पाहणारी बाई काम शिकलेली आहे.

ब्यूरोला दोन प्रश्न जरूर विचारा: मी देतो त्यातले मावशींच्या हातात किती पडतात? कमिशन दर महिन्याला कापतात की एकदाच घेतात? उत्तरं लेखी घ्या. सारखी बाई बदलते अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, पण कमिशन कापून हातात फार थोडे उरत असतील तर ती का टिकेल? आणि 24 तासांची ड्युटी म्हणजे 24 तास जागं राहणं नव्हे. पेशंट रात्रभर उठत असेल तर दिवसाची आणि रात्रीची अशा दोन ड्युट्या लावा. आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशीची बदली बाई आधीच ठरवा.

या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी: काम कमी पडणार नाही. 2011 च्या जनगणनेतच देशात साठीपुढचे लोक 10 कोटींच्या वर होते, आणि मुलं नोकरीसाठी लांब गेलेली घरं वाढतच आहेत. पण नुसत्या अनुभवावर भाव फारसा चढत नाही. जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचा कोर्स करा; प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तो मोफत होतो. प्रमाणपत्र असलं की हॉस्पिटलचाही रस्ता खुला होतो. बारावी झालेल्यांनी पुढे एएनएमचा विचार जरूर करावा, कारण पगारातला खरा फरक तिथे पडतो.

शेवटी, केअरटेकर ठेवणाऱ्यांना एक विनंती. पगार थेट मावशींच्या बँक खात्यात जमा करा. असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे, ती करून द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा 20 रुपये आहे आणि त्यात 2 लाखांचं अपघाती कवच मिळतं. तो तुम्ही भरा.