गावची आरोग्य समिती नेमकी कशासाठी?

प्रश्न : पावसाळ्यात गावच्या सार्वजनिक विहिरीचे पाणी गढूळ येते. ग्राम आरोग्य समिती फक्त लसीकरणासाठी असते, असे सांगतात. मग तक्रार कोठे करावी?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ही समजूत बरोबर नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आकाराला आलेल्या या समितीच्या पूर्ण नावातच पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता हे विषय असून, लोकप्रतिनिधी, आशा, अंगणवाडी सेविका आणि ग्रामस्थ यांनी एकत्र बसून गावाच्या गरजा ठरवाव्यात, हा तिचा हेतू आहे. तिचा अबंधित निधी, म्हणजे स्थानिक गरजेनुसार खर्चता येणारी रक्कम, मूळ योजनेत वर्षाला जेमतेम १०,००० रुपये होता. तेवढ्यात नळयोजना होत नाही. पाणी शुद्ध करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असल्याने अर्ज तिथे लेखी देऊन पोच घ्यावी, विषय समितीच्या बैठकीत व ग्रामसभेत मांडावा, आणि पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवण्याची विनंती आरोग्य सेवकाला करावी. विहिरीत ब्लीचिंग पावडर मात्र कोणीही अंदाजाने टाकू नये, कारण तिची मात्रा साठ्यावर ठरते आणि गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभावही कमी पडतो. अहवाल येईपर्यंत पाणी गाळून, उकळूनच प्यावे.