आधी कोल्हा दिसू दे

अगं, बालवर्गात इंग्रजी शिकवायचं म्हणून पहिल्याच दिवशी फळ्यावर ए-बी-सी-डी काढायला धावू नकोस. चित्रांचं एक पुस्तक घे आणि आठवडाभर तेच घे. रोज नवं काढलंस तर मुलांची करमणूक होते, शब्द मात्र तोंडात बसत नाहीत.

पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’ मिळालं तर उत्तमच. सबंध पुस्तकात मोजून ३२ शब्द, तेही एकाच वाक्यात. कोंबडी फिरायला निघते, मागे कोल्हा लागतो. गंमत अशी, की मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. तो फक्त चित्रात. म्हणून सांगते, पहिल्या दिवशी वाचूच नकोस. नुसती पानं उलट आणि गप्प बस. (आपल्या जातीला हेच सगळ्यात अवघड!) दाताळ्यावर पाय पडून दांडा कोल्ह्याच्या नाकावर बसतो, तिथे मुलं ओरडणारच, “बाई, कोल्ह्याला लागलं!” ओरडू देत, मराठीतच. तू हसून म्हण, “येस, द फॉक्स गॉट हर्ट!” ‘मराठीत बोलायचं नाही’ असा दम दिलास, की बोलणंच बंद.

वाचायचं दुसऱ्या दिवसापासून. पुस्तक खांद्याच्या बाजूला धर, पान मुलांकडे. खिडकी पाठीमागे घेऊन बसू नकोस, मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो. सतरंजी अर्धगोल अंथरलीस तर मागची मुलं उठून पुढे घुसत नाहीत.

पुस्तकातले ओव्हर, अंडर, थ्रू हे शब्द समजावून सांगण्याच्या फंदात पडू नकोस. बाकाखालून रांगायला लाव, दोरीवरून उड्या मारायला लाव. एका मुलीला कोंबडी कर, एकाला कोल्हा. कोल्हा व्हायला सगळेच तयार असतात, तेव्हा पाळी लाव.

पुस्तकातली गवताची गंजी खेड्यातल्या पोरांना ठाऊक असते. पण चित्रातल्यासारख्या मधमाश्या पेटीत राहतात हे त्यांना पटत नाही. त्यांनी मोहोळ पाहिलेलं असतं झाडाला. तेवढं मराठीत एका वाक्यात सांगून टाक आणि पुढे चल.

एखादं मूल महिनोन्महिने इंग्रजीत चकार शब्द काढत नाही. “व्हेअर इज द फॉक्स?” म्हटल्यावर त्याने चित्रावर बोट ठेवलं, तर ते उत्तरच धर. चारचौघांत उभं करून वदवून घेऊ नकोस. पालक दारात विचारतील, “आज काय लिहिलं?” वाद घालण्यापेक्षा त्यांना एकदा सतरंजीवर बसवून गोष्ट ऐकव.

शाळेकडे पैसे नसतील तर ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी-इंग्रजी गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. सुरुवातीला मराठीत ऐकलेली गोष्टच इंग्रजीत घे. अर्धं काम तिथेच होतं.

आणि हो, पुस्तकं कपाटात कुलपात ठेवू नकोस. मुलांचा हात पोचेल अशी खाली ठेव. पानं फाटणारच; चिकटपट्टी आणून ठेव.