नर की तलंग? : कोंबडीच्या पिल्लांचा निरीक्षणपाठ

(इयत्ता ४ थी व ५ वी, परिसर अभ्यास)

गावातील बहुतेक घरी दोन-चार कोंबड्या असतात. एकाच वेळी उबलेल्या पिल्लांतील नर कोणते व तलंगा कोणत्या, हे लवकर कळणे घरधनिणीच्या हिताचे असते. गावठी कोंबडी वर्षाला साधारणतः ५० ते ८० अंडी देते. नर समजून घाईने विकलेली तलंग म्हणजे घरातून गेलेली तेवढी अंडी होत. सबब हा विषय मुलांच्या परिचयाचा व उपयोगाचा आहे.

पूर्वतयारी. २१ दिवस उबवून पिल्ले केव्हा बाहेर पडली, ती तारीख ठाऊक असलेले एकच घरटे निवडावे. निरनिराळ्या वयाच्या पिल्लांची तुलना करू नये. प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैल बांधावा. पाय जाड होत जातो, म्हणून दर आठवड्यास दोरा सोडून पुन्हा बांधावा. अन्यथा तो मांसात रुततो.

निरीक्षणाचे टप्पे. पहिल्या महिन्यात गावठी पिल्लांत डोळ्यांना भरवशाची खूण दिसत नाही. टोकदार अंड्यातून अमुक व गोल अंड्यातून तमुक निघते, ही समजूत निराधार आहे. पिल्लाला उलटे टांगून पाहण्याचा प्रकारही निरुपयोगी असून त्यात पिल्लास इजा होते. तो वर्गात होऊ देऊ नये.

सुमारे ५ ते ८ आठवड्यांत नराचा तुरा भावंडांपेक्षा लवकर वाढतो व लाल होतो. चोचीखालचे मांसल पदरही दिसू लागतात. त्याचे पाय जाड असतात. ही खूण उपयोगी, परंतु निर्णायक नव्हे. काही तलंगांचा तुराही मोठा असतो.

१० ते १४ आठवड्यांत पाठीच्या मागील भागावरील, शेपटीलगतची पिसे पाहावीत. नराची नवी पिसे लांबट, टोकदार व चकचकीत असतात. तलंगेची टोकाशी गोलसर असतात. ही सर्वांत विश्वसनीय खूण होय. पुढे नराच्या शेपटीत वाकडी लांब पिसे येतात आणि तो आरवू लागतो.

अपवाद. कडकनाथ जातीत तुराच काळसर असल्याने लाली शोधणे व्यर्थ. तेथे तुऱ्याचा आकार व पिसे पाहावीत. उघड्या मानेच्या कोंबड्यांत मानेची पिसे पाहता येत नाहीत, पाठीची पाहावीत. अंड्यावर येण्यापूर्वी तलंगेचाही तुरा लाल होतो. उशिरा आलेली लाली नराची खूण नव्हे.

नोंद. तक्त्यात दोऱ्याचा रंग, तुरा, पाय, पिसे व ‘माझा अंदाज’ असे रकाने करावेत. ४ थ्या, ८ व्या, १२ व्या व १६ व्या आठवड्यास अंदाज लिहवून घ्यावा. आधीचा अंदाज खोडू देऊ नये. शेवटी किती अंदाज बरोबर आले व कोणती खूण खरी ठरली, हे मुलांनीच मोजावे. ‘अजून सांगता येत नाही’ हेही योग्य उत्तर मानून त्यास पूर्ण गुण द्यावेत.

गणिताशी सांगड. एकूण पिल्लांत नर-मादी निम्मे-निम्मे अपेक्षित असतात. तथापि एका घरट्यात दहांपैकी सात नर निघणेही अशक्य नाही. अनेक घरांची बेरीज केल्यास प्रमाण निम्म्याच्या जवळ येते, हे मुलांना आकड्यांनी दाखवावे.

दक्षता. पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली होती. कोंबड्या आजारी असल्यास वा एकाएकी मरू लागल्यास पाठ तत्काळ बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पाहून लिहिणे, थांबून ठरविणे आणि चुकलेला अंदाज तसाच राखून ठेवणे, एवढे मुले शिकली तर पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.