दुकानाबाहेरचे प्लायवूड पावसात टिकवायचे कसे?

दुकानाची पाटी, बाहेर मांडलेली फळी, हातगाडीचा तळ ही कामे आता बहुधा प्लायवूडची असतात. आम्हा कापडवाल्यांना याची विशेष काळजी, कारण बाहेरच्या फळीने धरलेली ओल आतल्या ताग्यांपर्यंत पोहोचते. बुरशीचा डाग पडलेला तागा पुऱ्या भावाने कोणी घेत नाही. म्हणून मृगाच्या आधी रंगाचा डबा घेताना थोडा विचार करणे फायद्याचे आहे.

पहिली गोष्ट प्लायची जात. 'एमआर' प्लाय दमटपणा सोसतो, भिजणे सोसत नाही. त्याचा डिंक पाण्याने सुटतो. वर कितीही महाग रंग द्या, थर उकलतातच. बाहेरच्या कामाला आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासला जातो.

दुसरी गोष्ट कडा. कापड जसे कडेने उसवते, तसा प्लायही कडेनेच फुगतो, कारण कापलेल्या तोंडातून लाकूड पाणी शोषते. रंगारी समोरची बाजू चकचकीत करतो आणि कडा, पाठ व स्क्रूची भोके कोरडीच राहतात. फळी बसवण्यापूर्वीच साही बाजूंना रंग द्यावा, कडांना एक हात जास्त. भोके पाडल्यावर त्यांतही रंग भरावा. स्क्रू गंज न धरणारे घ्यावेत.

आता रंग कोणता? चपड्याचे पॉलिश बाहेर चालत नाही, पाण्याने पांढरे पडते. नुसत्या जवसाच्या तेलावर बुरशी येते. पारदर्शक वॉर्निश देखणे दिसते. पण ऊन त्यातून आत जाऊन लाकूड करपवते आणि वॉर्निशचे पापुद्रे निघतात. इपॉक्सी पाणी उत्तम अडवते, मात्र उन्हात त्याची भुकटी होते. त्यावर बाहेरच्या वापराचा पीयू रंग द्यावाच लागतो. साध्या पाटीला वुड प्रायमर व वर बाहेरच्या वापराच्या रंगीत ऑइल पेंटचे दोन हात पुरतात. रंगातली पूड उन्हाला अडवते. सतत पाणी झेलणाऱ्या हातगाडीच्या तळाला इपॉक्सी व पीयूची जोडी बरी. दोन डब्यांचा रंग डब्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळावा, अंदाजाने नव्हे.

ओल्या फळीवर रंग देऊ नये; आतली ओल रंगाला फोड आणते. फळी सुकवून, पॉलिश पेपर मारून, धूळ पुसून मगच ब्रश उचलावा. आधीचा हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.

भाव डब्याचा न विचारता वर्षाचा काढावा. समजा, एक काम १००० रुपयांत होऊन २ पावसाळे टिकले आणि दुसरे १५०० रुपयांत होऊन ४ टिकले. तर पहिले वर्षाला ५०० ला पडले, दुसरे ३७५ ला. मजुरी दोनदा गेली ती वेगळीच.

कारागीर बंधूंनी प्लायची जात आणि रंगाचे हात बिलावर लिहून द्यावेत. गिऱ्हाइकाने स्वस्त प्लायचा आग्रह धरला, तर तो बाहेर टिकणार नाही हे आधीच सांगावे. पावसाळ्यानंतर येणारी तक्रार पैसा आणि नाव दोन्ही घेऊन जाते. वर्षातून एकदा फळीवर पाणी शिंपडून पाहावे. थेंब उभा राहिला तर ठीक. पाणी जिरून डाग पडला तर तेवढी जागा घासून लगेच रंगवावी.