शेळीच्या कलेजीतील गाठी आणि दारातील कुत्रा

झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले म्हणजे पाहुण्यांसाठी बोकड कापला जातो. कापणाऱ्याला कधी कधी कलेजीत किंवा फुप्फुसात लिंबाएवढी पांढुरकी, स्वच्छ पाण्याने भरलेली गाठ आढळते. तेवढा भाग तो कापून बाजूला फेकतो आणि जवळच बसलेला कुत्रा तो गिळतो. कापणाऱ्यास यात काही वावगे वाटत नाही. खराब भाग टाकून दिला, एवढेच त्याला दिसते. परंतु रोगाचा फेरा नेमका येथूनच पुढे सरकतो.

ही गाठ म्हणजे एका पट्टकृमीची बाल्यावस्था होय. गाठीतील पाण्यात कृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. कुत्र्याच्या पोटात गेल्यावर ती लहान आतड्यास चिकटतात व सुमारे सहा ते सात आठवड्यांत त्यांचे पूर्ण वाढलेले कृमी होतात. हा कृमी अवघा २ ते ७ मिलिमीटर लांब असतो. कुत्रा सहसा आजारी दिसत नाही, म्हणून मालकास शंकाही येत नाही. मात्र त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी अंगणात, चराईच्या रानात व पाणवठ्याकाठी पडत राहतात. ओलसर, सावलीच्या जागी ती कित्येक महिने जिवंत राहतात. कडक उन्हात व कोरड्या मातीत लवकर मरतात. भामरागड-अहेरीकडील दाट छायेच्या रानात ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

गवताबरोबर ही अंडी शेळ्या-गाईंच्या पोटात जातात. त्याच रानात चितळ, सांबर व रानडुकरे चरतात, आणि कुत्र्याच्या कुळातील लांडगा, कोल्हा व रानकुत्रे हेही अशा कृमींना आश्रय देऊ शकतात. मोहफुले वेचायला किंवा गुरांमागे गेलेला कुत्रा रानातील शिकारीचे उरलेसुरले खातो व संध्याकाळी घरी येऊन मुलांत खेळतो. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडे काही तासांत साफ करीत. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांच्या मांसामुळे १९९० नंतर देशभर गिधाडे झपाट्याने घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तरी तोवर मढ्यावरचा हक्क कुत्र्यांकडे गेला होता.

माणसास हा रोग गाठ असलेले मांस खाल्ल्याने होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी तोंडावाटे पोटात गेल्याने होतो. हा भेद कार्यकर्त्यांनी लोकांस नीट समजावून द्यावा, कारण नेमका येथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. कुत्र्याच्या केसांवरून, न धुतलेल्या हातांवरून, कच्च्या भाजीवरून किंवा पाण्यातून ती येतात. गाठ बहुधा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात होते. ती सावकाश वाढते. वर्षानुवर्षे त्रास होत नाही, नंतर उजव्या कुशीत जडपणा येतो किंवा खोकला सुटत नाही. अशा गाठीस गावठी उपायाने चीर देणे अथवा ती चोळणे प्राणघातक ठरू शकते. रोग्यास सोनोग्राफीसाठी जिल्हा रुग्णालयात न्यावे.

आइसलँड या मेंढपाळांच्या देशात एकोणिसाव्या शतकात हा रोग फार मातला होता. क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये तेथे पाहणी केली व १८६४ मध्ये लोकांच्या भाषेत लहानशी पुस्तिका निघून ती घरोघर वाटली गेली. टाकाऊ अवयव कुत्र्यास देऊ नयेत, एवढाच तिचा गाभा होता. पुढे कायद्यानेही जोर दिला आणि विसाव्या शतकात रोग तेथून जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्याकडेही काम तेवढेच आहे. गाठी असलेली कलेजी किंवा फुप्फुसे अर्धा तास चांगली उकळावीत, जाळावीत, किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा खोल खड्ड्यात पुरून वर दगड ठेवावेत. मेलेले जनावरही उघडे टाकू नये. पाळीव कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल द्यावे. हे औषध कृमी मारते, अंडी मारीत नाही. म्हणून मात्रा दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्याची विष्ठा गोळा करून जाळावी. जेथे कुत्र्यास पुन्हा पुन्हा कच्चे अवयव मिळण्याचा संभव आहे, तेथे दर सहा आठवड्यांनी मात्रा देण्याविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

मंडईच्या आधी बोकड कापणाऱ्या दोघा-तिघांस गाठ प्रत्यक्ष दाखवून त्यांच्याशी बोलल्यास सभेतील भाषणापेक्षा अधिक काम होते. खड्डा मात्र आदल्या दिवशी खणून ठेवावा. पाहुणे आल्यावर कुदळ शोधायला कोणी जात नाही.