ऑक्सिजन सेन्सरचा कोड : लक्षण आणि कारण

कारणावाचून काहीही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात वारंवार ऐकतो. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्यासाठी मार्ग आहे, हा क्रम लहान मुलांनाही ठाऊक असतो. हाच क्रम गॅरेजमध्ये कसा उपयोगी पडतो, हे या छोट्या लेखात पाहावयाचे आहे.

आपले अनेक तरुण आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतात, तर अनेक बांधव कर्ज काढून टॅक्सी चालवितात. दोघांपुढेही एक प्रश्न हटकून येतो. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर लावताच ऑक्सिजन सेन्सरचा कोड दिसतो आणि लगेच सेन्सर बदलला जातो. पुष्कळदा दोन-चार दिवसांत दिवा पुन्हा लागतो. पैसे गेले, धंद्याचा दिवस बुडाला, हप्ता मात्र चुकत नाही. असे का होते?

सेन्सरचे काम

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखले जाते की नाही, हे इंजिनचा संगणक सेन्सरकडून जाणून घेतो. सेन्सर सायलेन्सरच्या नळीत, इंजिनजवळ बसविलेला असतो. त्याच्या टोकाशी झिर्कोनियाचे आवरण असते. धुरातील ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतील ऑक्सिजन यांच्यातील फरकामुळे त्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्टपर्यंत उतरतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय तो नीट काम करीत नाही, म्हणून आत छोटा हीटर दिलेला असतो.

१९७६ साली हा सेन्सर व्होल्वो मोटारीत प्रथम आला. शिसेयुक्त पेट्रोलने तो निकामी होतो. आपल्या देशात १९९५ मध्ये चार महानगरांत आणि २००० मध्ये सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हाच त्याची वाट मोकळी झाली.

कोड कसा वाचावा

पी ०१३५ हा कोड घेऊ. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर विभाग, ‘०’ म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड, ‘१’ म्हणजे इंधन व हवेचे मोजमाप आणि ‘३५’ म्हणजे नेमका दोष, म्हणजे हीटरच्या सर्किटमधील बिघाड. पी ०१३१ म्हणजे विद्युतदाब कमी, पी ०१३२ म्हणजे जास्त, पी ०१३३ म्हणजे प्रतिसाद मंद आणि पी ०१३४ म्हणजे हालचालच नाही. पुढे ‘बँक १, सेन्सर १’ असे लिहिलेले असते. येथे बँक म्हणजे आम्हा कारकुनांची बँक नव्हे, तर इंजिनमधील सिलिंडरांची रांग. सेन्सर १ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी असतो, सेन्सर २ नंतर.

यांपैकी एकही कोड ‘सेन्सर बदला’ असे सांगत नाही. पी ०१३१ पाहा. नळीला सेन्सरच्या आधी भेग असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन जास्त आहे’ असे कळवितो. इंधनपंपाचा दाब कमी असला किंवा एखादा सिलिंडर मिस होत असला, तरी तसेच घडते. खरे सांगणाऱ्याला शिक्षा आणि दोषी मोकळा, असा हा प्रकार होतो.

तपासणीचा क्रम

१. कोड लगेच उडवू नये. तो लिहून घ्यावा, कोड पडला त्या वेळचा वेग व तापमानाची नोंद पाहावी. सोबत पी ०१७१ किंवा मिस-फायरचा कोड असेल, तर आधी तिकडे लक्ष द्यावे.

२. इंजिन थंड असताना वायर व कनेक्टर पाहावेत. नळीला चिकटून वितळलेली वायर, उंदराने कुरतडलेली वायर, कनेक्टरमध्ये शिरलेले पावसाचे पाणी यांचा शोध घ्यावा. जोडाजवळ काळा डाग किंवा टकटक आवाज असेल, तर नळी फुटली असल्याचा संशय घ्यावा.

३. कोड पी ०१३५ असेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. मग कनेक्टर सोडवून, गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, गाडीकडील बाजूस सुमारे १२ व्होल्ट येतात का ते मोजावे. येत असतील, तर सेन्सरकडील हीटरच्या दोन टोकांमधील रोध मोजावा. तो बहुधा थोडेच ओहम असतो, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. मीटर काहीच दाखवीत नसेल, तर हीटर तुटला, आता सेन्सर बदलावा. सिग्नलच्या वायरींवर मात्र ओहम मोजू नये, सेन्सर बिघडू शकतो.

४. इतर कोड असल्यास इंजिन गरम करून स्कॅनरवर चालू आकडे पाहावेत. सेन्सर १ चा विद्युतदाब ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये सतत वरखाली व्हावयास हवा. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की तो चढावा, सोडला की उतरावा. असे होत असेल, तर सेन्सर जिवंत आहे. दोष अन्यत्र शोधावा. काही नव्या गाड्यांत वेगळ्या जातीचा, रुंद पट्ट्याचा सेन्सर असतो. त्याला हे आकडे लागू नाहीत.

५. दुरुस्तीनंतरच कोड उडवावा आणि गाडी दोन-तीन दिवस थंड-गरम अशी चालवून खात्री करावी.

दुर्लक्षही परवडणारे नाही. सेन्सर खरोखरच बिघडला असेल, तर पेट्रोल जास्त जळते. तसेच बराच काळ चालल्यास सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. शिवाय तो धूर रस्त्यावरच्या सर्वांच्या छातीत जातो.

विद्यार्थी मित्रहो, कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना केवळ परंपरा आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, असे सांगितले. स्कॅनरचा पडदाही त्याला अपवाद नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला होता. ते शिक्षण केवळ हात चालविण्याचे नव्हे, कारण शोधण्याचेही आहे. आपल्या तरुणाच्या हातून एका टॅक्सीवाल्या बांधवाचा अनावश्यक खर्च वाचला, तरी या अभ्यासाचे सार्थक झाले असे समजावे.